साफ केलेला चेहरा

मास्तरांनी आयुष्यात कुठल्याही शाळेत कुणाला शिकवलं नव्हतं. तरी दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याने त्यांना मास्तरच म्हणायचं, असा शिरस्ताच पडून गेला होता. फ्लेक्स छापणारं ते दुकान तीन माणसांचं. पुढे टेबलावर मालक, मागे पत्र्याच्या शेडमध्ये दहा फुटी मशीनवर शाईताई, आणि दोघांच्या मधे काचेच्या खोलीत संगणकासमोर मास्तर. मशीनवरच्या बाईंच्या बोटांवर बारा महिने चार रंग चढलेले असत, म्हणून त्या शाईताई. गिऱ्हाइकाने आणलेलं काहीही मशीनला पचेल असं करून देणं हे मास्तरांचं काम. कुणी मोबाइलवरचा अंगठ्याएवढा फोटो आणी आणि म्हणे, याचा वीस फुटी करा. कुणी निमंत्रणपत्रिकाच दुमडून खिशातून काढी. मास्तर माप घेत, रंग बदलून घेत, कडेला दोरी ओवायच्या रिंगा ठोकायला जागा सोडत, अक्षरांच्या रेषा करून ठेवत, म्हणजे मशीनवर गेल्यावर ‘क’चा चौकोन व्हायला नको. पडद्यावर हिरवंगार दिसणारं गवत कापडावर शेवाळी का होतं, हे ते गिऱ्हाइकांना दिवसातून तीनदा सांगत, आणि तिसऱ्यांदाही तितक्याच शांतपणे.

पण त्यांचं नाव होतं ते चेहऱ्यांसाठी. वयाच्या सतराव्या वर्षी ते मामाच्या फोटो स्टुडिओत लागले होते. तिथे दोन केसांच्या कुंचल्याने निगेटिव्हवरच्या चेहऱ्यांचे डाग भरायचे, सुरकुत्या मवाळ करायच्या, हे त्यांनी नऊ वर्षं केलं. पुढे स्टुडिओ बंद पडला, कुंचला गेला, हातात माऊस आला. पण हात तोच राहिला. चार बाय सहा फुटांच्या फ्लेक्सवर नाक बैठकीच्या खोलीतल्या घड्याळाएवढं होतं. त्यावरची पुटकुळी म्हणजे बशीच. मास्तर ती अशी उडवत की खाली कातडी होती तशीच वाटे. गिऱ्हाईक खूश, मालक खूश.

घरी बायको म्हणायची, “माझ्याकडे बघतानासुद्धा तुमचा उजवा हात हलतो हो. बोलायचं तर बोला, पुसायला जाऊ नका.”

मास्तर हसत. पण ते खरंच होतं. समारंभात चार माणसं भेटली की मास्तरांना त्यांची नावं नंतर आठवायची, आधी आठवायचे ते तीळ, व्रण आणि डोळ्यांखालची वर्तुळं.

त्या गुरुवारी सकाळी दुकान नुकतंच उघडलं होतं. सत्तरीच्या आसपासची एक बाई आत आली. पायांत दोन वेगवेगळ्या जोडांतल्या चपला. हातात कापडी पिशवी, पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेला फोटो.

“हरवलेल्या माणसाचं करून मिळतं का इथे?” तिने विचारलं.

मालकांनी तिला काचेच्या खोलीत पाठवलं. मास्तरांनी खुर्ची पुढे केली. “बसा काकू.”

काकू बसल्या नाहीत. उभ्याउभ्याच त्यांनी सांगितलं. मंगळवारी सकाळी त्यांचे यजमान कचऱ्याची बादली घेऊन खाली उतरले. बादली जिन्याखाली सापडली, माणूस नाही. दोन वर्षांपासून विसरायला लागले होते. आधी चष्मा, मग किल्ली, मग रस्ते. वय त्र्याहत्तर. पोलीस चौकीत सांगून झालं होतं. लेक दोन दिवस गल्ली न् गल्ली फिरत होती, आत्ताही फिरतच होती. मजकूर तीच फोनवर पाठवणार होती.

“अलीकडचा फोटो नाही का?”

“यांना फोटो काढून घ्यायला आवडत नाही,” काकू म्हणाल्या. “लेकीच्या फोनमध्ये आहेत, पण कुठे पाठ, कुठे तोंडापुढे हात. ओळखपत्रावरचा बघून तर चौकीतला हवालदारच म्हणाला, हा माणूस आहे की सावली? हा एवढाच धड आहे. निवृत्तीच्या दिवशी कचेरीत काढलेला.”

फोटो तेरा वर्षांचा जुना. अल्बमला ओल लागून त्याच्यावर बुरशी चढली होती. कपाळावर, गालांवर, सदऱ्यावर, मागच्या भिंतीवर पांढरे ठिपकेच ठिपके. उंच, किडकिडीत माणूस, दोन्ही हातांत निरोपाच्या भेटीचं खोकं धरलेला, कॅमेऱ्याकडे जरा दचकून बघणारा.

“काळजी करू नका, अर्ध्या-पाऊण तासात स्वच्छ करतो,” मास्तर म्हणाले. त्या दिवशीची बाकीची कामं त्यांनी बाजूला सारली. त्यांच्या मनात एकच होतं: या बाईचं काम मन लावून करायचं.

फोटो त्यांनी मोठा करून घेतला आणि एकेक ठिपका टिपायला लागले. शेजारची चांगली कातडी उचलायची, ठिपक्यावर ठेवायची, कडा मिटवायच्या. कपाळ झालं, गाल झाले. डाव्या बाजूला, खालच्या ओठाच्या कोपऱ्यापासून हनुवटीपर्यंत एक मोठा ठिपका होता, घेवड्याच्या दाण्याएवढा. तोही गेला. चेहरा मोकळा झाला तसं मास्तरांना बरं वाटलं. काळवंडलेलं भांडं घासून लख्ख व्हावं तसं.

तेवढ्यात लेकीचा मजकूर आला. मास्तरांनी तो उचलून फोटोखालच्या चौकटीत टाकला आणि अक्षरं मोठी केली. नाव, वय, उंची, अंगावर निळा सदरा, आणि संपर्काचा नंबर. पाच ओळी. चौकटीच्या कोपऱ्यात लाल खूण आली. आत आणखी काही मजकूर आहे, तो मावत नाही, असा तिचा अर्थ. फोनवरून आलेल्या मजकुराच्या शेवटी लोक रिकाम्या ओळी सोडतातच. अशा लाल खुणा मास्तर दिवसातून दहा बघत. नंबर आला होता. लांबून वाचायला पाच ओळी बेस. त्यांनी पुढे बघितलं नाही.

काकूंना पडद्यासमोर उभं केलं. त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग त्यांचं बोट वर आलं, पडद्यावरच्या हनुवटीपाशी जाऊन थांबलं, आणि परत खाली गेलं.

“लग्नानंतर अगदी असेच दिसायचे हे,” त्या म्हणाल्या.  मग फोटोचं वर्तमानपत्र पिशवीत घालत म्हणाल्या, “छापा.”

मास्तरांनी लेकीलाही नमुना पाठवला. तिचं उत्तर मिनिटभरात आलं: ठीक आहे. शाईताईंनी इतर रोल उतरवून पाच प्रती काढल्या, स्वतः रिंगा ठोकल्या. दुपारपर्यंत फ्लेक्स लागले. एक चौकात, एक मंडईच्या फाटकावर, एक इस्पितळाजवळ, एक पुलाच्या कठड्यावर आणि एक बसस्थानकात.

त्यानंतर मास्तर कामाला येता-जाता पुलावरच्या फ्लेक्सकडे बघायचे. फार सुबक झाला होता. इतका सुबक की बायकोला मुद्दाम नेऊन दाखवावा असंही एकदा त्यांच्या मनात आलं, आणि मग त्याची लाज वाटली. चार दिवस गेले, आठ गेले. काकूंना ते दोनदा फोन करून बोलले. काही कळलं नव्हतं.

पंधराव्या दिवशी बसस्थानकाचं काम निघालं. गाड्यांच्या वेळापत्रकाचा जुना फलक उडाला होता, नवा करायचा होता. मालक म्हणाले, माप तुम्हीच घेऊन या, मागच्या वेळी त्यांच्याच माणसाने बोटांनी मोजलं होतं. मास्तर मोजायच्या पोलादी पट्टीची गुंडाळी घेऊन गेले. वेळापत्रकाची जागा चौकशीच्या खिडकीच्या वरच होती आणि बरोबर समोर, खांबांच्या मधे, त्यांचाच फ्लेक्स.

खिडकीतली बाई बोलकी होती. मास्तर स्टुलावर चढून माप घेत होते तर खालून म्हणाली, “तुम्हीच छापता ना ते? मग तो माणूस सापडला की नाही?”

“नाही अजून.”

“अरेरे. मी आठ तास त्याच्याच तोंडाकडे बघत बसते हो. आता घरच्यासारखा वाटायला लागलाय.” तिने सुस्कारा सोडला. “असाच एक म्हातारा इथे यायचा. चार दिवस लागोपाठ. खिडकीशी यायचा आणि विचारायचा, पाणीघराची गाडी कितीला? मी म्हटलं, आजोबा, गावाला पाणी सोडायचं ते पाणीघर बंद पडून जमाना झाला. तर म्हणे, मला पाळीवर जायचंय, उशीर झाला. मागे गाड्या धुतात तिथले लोक त्याला खायला द्यायचे. तिथेच बाकावर असायचा.”

मास्तरांचं माप चुकलं. त्यांनी गुंडाळी पुन्हा ओढली. “हाच असेल का तो?”

“छे हो. मीही पहिल्या दिवशी म्हटलं, हाच की काय! दोन-तीनदा नीट बघितलं, एकदा त्याच्याकडे, एकदा फ्लेक्सकडे. पण त्याला इथे,” तिने स्वतःच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्याखाली बोट ठेवलं, “पांढरा डाग होता. कोडाचा असतो ना, तसा. घेवड्याच्या दाण्याएवढा. याला कुठे आहे? शिवाय हा कसा तुकतुकीत आहे.”

पट्टी सुटली आणि सर्रकन गुंडाळीत जाऊन बसली. मास्तरांच्या अंगठ्याला पातं लागलं, रक्त आलं. ते स्टुलावरून उतरले.

“कधी? कधी यायचा तो?”

तिने बोटांवर मोजलं. फ्लेक्स लागल्यानंतरचा शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार. “मंगळवारी तर मला त्याची दया आली. धरणाकडची गाडी जुन्या पाणीघराच्या वळणावरून जाते, तीत बसवून दिला मीच. म्हटलं, असेल तिकडे कुणी याचं. काय हो? काय झालं?”

 मास्तर माप तसंच टाकून दुकानात आले, रक्ताचा अंगठा तोंडात धरूनच संगणकापाशी बसले. मूळ फोटो उघडला. मोठा केला, आणखी मोठा केला.

बुरशीचे ठिपके कागदावर असतात. त्यांची कड करवतीसारखी, आणि ते नाक-गाल बघत नाहीत, कुठेही वेडेवाकडे पसरतात. हनुवटीवरचा ठिपका तसा नव्हता. त्याची कड मऊ होती. तो ओठाच्या कोपऱ्याबरोबर वळला होता, हनुवटीच्या गोलाईवरून उतरला होता, आणि त्याच्यावर खालच्या ओठाची बारीकशी सावली पडली होती. सावली! कागदावरच्या बुरशीवर फोटोतली सावली कुठून पडेल? पस्तीस वर्षं चेहरे बघणाऱ्या माणसाला हे दिसायला हवं होतं. नऊ वर्षांच्या पोरीलाही दिसलं असतं, जर तिने पुसायच्या आधी बघितलं असतं तर.

मग त्यांना ती लाल खूण आठवली. फाइल उघडून त्यांनी मजकुराची चौकट खाली ओढली. आत दडलेली सहावी ओळ वर आली: ओळखीची खूण – हनुवटीवर डाव्या बाजूला पांढरा डाग.

शाईताई काही विचारायला आत आल्या होत्या. त्यांनी पडदा बघितला, मास्तरांकडे बघितलं, आणि खुर्चीची पाठ धरून उभ्या राहिल्या.

मालक आले. सगळं ऐकल्यावर त्यांनी आधी दार लावून घेतलं. “हे बघा मास्तर, नमुना दोघींना दाखवलाय. बाईंनी तोंडाने छापा म्हटलंय, मुलीचा होकार फोनवर आहे. आपल्या अंगाला काही लागत नाही. त्यांना जाऊन एवढंच सांगा, बसस्थानकात माणूस दिसला होता, धरणाच्या गाडीत बसला. झालं. बाकीचं कशाला उकरता? त्याने तो माणूस लवकर सापडणार आहे का?”

मालक काही वाईट नव्हते. मास्तरांनाही वाटेत तेच पटत होतं. काकूंच्या घराच्या तीन जिन्यांवर त्यांनी मनाशी वाक्य बसवून ठेवलं: बसस्थानकात चौकशीच्या खिडकीवरच्या बाईंनी एक माणूस चार दिवस बघितला, मग धरणाकडच्या गाडीत बसवून दिला. एवढंच. खोटं त्यात काहीच नव्हतं.

दार लेकीने उघडलं. तीस-बत्तीसची, डोळे खोल गेलेले, पायांना पट्ट्या बांधलेल्या. मास्तरांनी बसवलेलं वाक्य बोलून टाकलं. काकूंनी भिंत धरली. लेक चपला घालायलाच लागली. एक चप्पल घालून ती थांबली.

“चार दिवस ते त्या खिडकीशी येत होते? समोर फ्लेक्स असताना? मग ती बाई बोलली का नाही?”

आता वाक्य संपलं होतं.

“कारण फ्लेक्सवर डाग नव्हता,” मास्तर म्हणाले. “मी काढला. मला बुरशी वाटली. आणि तुम्ही लिहून पाठवलं होतं ते मी पूर्ण वाचलं नाही. सहावी ओळ आतच राहिली.”

 लेकीने फोन काढला, तो नमुना शोधला, दोन बोटांनी मोठा केला. त्या दिवशी उन्हात, भर रस्त्यात, चालता चालता तिने तो बघितला होता. आता घराच्या सावलीत पुन्हा बघितला.

“मी लिहिलं होतं,” ती म्हणाली. अगदी हळू. मग मोठ्याने, “आई, मी लिहिलं होतं!”

 काकूंची नजर जमिनीवर होती.

त्या दिवशी दुपारी मास्तरांनी दुसरा फ्लेक्स केला. या वेळी फोटोला हातच लावला नाही. बुरशी होती तशी ठेवली. डागाच्या शेजारी बाण काढला, आणि सहावी ओळ लाल अक्षरांत सगळ्यांत वर घेतली. बेढब दिसत होतं, मोठं केल्यावर फोटो फुटलाही होता. शाईताईंनी मालकांना न विचारताच बारा प्रती काढल्या. मालकांनी मशीनचा आवाज ऐकला आणि टेबलावरून उठलेच नाहीत.

त्या दिवशीची धरणाकडची गाडी निघून गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मास्तर आणि लेक धरणाकडच्या गावाला निघाले. दोन तासांचा रस्ता. लेक खिडकीशी बसली, मास्तर एक रांग सोडून मागे. मधल्या सीटवर फ्लेक्सची गुंडाळी. दोघांत चार शब्द झाले असतील, तेही दोरीबद्दल. जुन्या पाणीघराच्या वळणावर ते उतरले. कुलूपबंद फाटक, गंजलेल्या टाक्या, कमरेएवढं गवत. एक राखणदार होता, त्याने कुणालाच बघितलं नव्हतं. फाटकाच्या जाळीला त्यांनी पहिला फ्लेक्स बांधला. मग गावात फिरून शाळेपाशी, पिठाच्या गिरणीपाशी, इस्पितळाच्या भिंतीला. मास्तर उंचावर चढून गाठी मारत, लेक खालून ताण धरी. इस्पितळात दोघांनी आत जाऊन विचारलंसुद्धा. नोंदवहीवरचा माणूस म्हणाला, या नावाचं कुणी दाखल नाही. ते खरंही होतं. नावाने कुणी दाखल नव्हतंच.

फोन तिसऱ्या दिवशी आला. त्या इस्पितळात आठवड्यातून एकदा रुग्णांच्या दाढ्या करायला एक जण येई. पुरुषांच्या वॉर्डात कोपऱ्यातल्या खाटेवर एक अनोळखी म्हातारा होता. पाणीघरामागच्या चरात पडलेला मिळाला होता, खुब्याचं हाड मोडलेलं, अंगात ताप, स्वतःचं नाव सांगता न येणारा. चेहऱ्यावर दाढीचं रान माजलेलं. त्या माणसाने साबण लावला, वस्तरा फिरवला, आणि दाढीखालून डाग निघाला. काम आटोपून तो बाहेर पडला तर भिंतीवर तोच डाग, शेजारी बाण काढलेला. तो तिथूनच नंबर फिरवत परत आत गेला.

काकू आणि लेक धावल्या. मास्तर दुसऱ्या दिवशी गेले. जावं की नाही, यावर रात्रभर त्यांचं मन खालीवर होत होतं, शेवटी बायकोच म्हणाली, “जा. तिथे कुणी बोललं तर ऐकून घ्या, आणि नाही बोललं तरी बसा.”

वॉर्डात लेक बापाला चमच्याने पाणी पाजत होती. मास्तरांना बघून तिने चमचा खाली ठेवला आणि पाठ फिरवली. काकू उठून बाहेर आल्या. व्हरांड्यात लाकडी बाक होता, त्यावर दोघं बसले. समोर धुतलेल्या चादरी वाळत होत्या.

“फुप्फुसांत पाणी झालंय म्हणतात,” काकूंनी सांगितलं. “हाडाचं नंतर बघू म्हणतात. मला ओळखलं नाही. परिचारिकेला मात्र साहेब, साहेब म्हणतायत.”

मास्तरांनी हात जोडले. “काकू, माझ्या हातून –”

“थांबा.” काकूंनी त्यांना अडवलं. “तुम्ही सांगून मोकळे झालात. माझं राहिलंय.”

त्यांनी एकदा वॉर्डाच्या दाराकडे बघितलं.

“मला दिसलं होतं हो,” त्या म्हणाल्या. “त्या दिवशी, तुमच्या दुकानात. डाग नाही, हे मला लगेच दिसलं. बेचाळीस वर्षं ज्या चेहऱ्यासमोर जेवले, तो मला कळणार नाही? यांना चाळिशीत तो डाग आला. त्या दिवसापासून हात हनुवटीवर. बोलताना हात, हसताना हात. लेकीच्या लग्नातसुद्धा एक फोटो धड काढू दिला नाही. त्या निवृत्तीच्या दिवशी हातात ते खोकं होतं म्हणून सापडले. आणि मी तुमच्या पडद्यावर बघितलं तर डाग गेलेला. मनात आलं, चौकाचौकांत हे एवढे मोठे लागणार. जगाने बघायचं तर असं बघू दे. यांनाही आवडेल.” त्यांनी पदराला नाक पुसलं. “शोधायला निघाले होते, आणि आवडेल काय याचा विचार करत बसले. बोट वर नेलं होतं मी. आणि खाली घेतलं.”

 तुमची चूक नाही, हे शब्द मास्तरांच्या ओठांवर आले होते. पण ते म्हटलं तर माझीही नाही, असं म्हटल्यासारखं झालं असतं. 

“लेकीला हे सांगितलेलं नाही,” काकू म्हणाल्या. “तिला राग धरायला एक माणूस लागतो. सध्या तुम्ही आहात. राहाल का?”

“राहीन,” मास्तर म्हणाले.

काकांना पंधरा दिवसांनी घरी आणलं. शस्त्रक्रिया झेपणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. खिडकीजवळ खाट टाकली. मास्तर दर रविवारी सकाळी जात. काका त्यांना तरुणपणच्या नोकरीतला, पाणीघरातला कुणी जुना सोबती समजत आणि टाकीची पातळी किती, म्हणून विचारत. पहिल्या रविवारी मास्तर गडबडले. दुसऱ्या रविवारपासून ते नेटकं उत्तर देऊ लागले: बारा फूट चार इंच. काका मान हलवत, हवेतच बोटाने नोंद करत. बोलता बोलता डावा हात आपसूक वर येई आणि हनुवटी झाकी. तो हात आता इतका दुबळा झाला होता की फार वेळ टिकत नसे. पुन्हा छातीवर पडे, पुन्हा वर चढे. मास्तरांना ते बघवत नसे, आणि दुसरीकडे बघणंही त्यांना जमत नसे.

दुकानात मास्तर बदलले. चेहरा साफ करायच्या आधी गिऱ्हाइकाला विचारू लागले, हे फोटोवर आहे की तोंडावर? काही जण हसत, काही चिडत. एका बाईंनी तर मालकांकडे तक्रार केली की तुमचा माणूस माझ्या तोंडावरच्या तिळाचा हिशेब मागतो. मालकांनी दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा आवाज चढवला. शेवटी मोठे चेहरे बाहेरच्या एका ऑपरेटरकडे जाऊ लागले, आणि मास्तरांकडे वेळापत्रकं, दिशादर्शक बाण, दुकानांच्या पाट्या तेवढ्या उरल्या. बाण बरोबर दिशेला आहे ना, हे ते जागेवर जाऊन बघून येत. बोटांनी मोजलेलं माप तर घेतच नसत. शाईताई म्हणायच्या, “मास्तर, बाणाला काही तीळ नसतो, एवढं काय बघता?” मास्तर हसायचा प्रयत्न करत. पूर्वीसारखं जमत नव्हतं.

घरी आणल्यापासून एक्केचाळिसाव्या दिवशी काका गेले. सकाळी अकराच्या सुमारास काकूंचा फोन आला, मास्तर एका औषधाच्या दुकानाची पाटी जुळवत होते. अर्धवट काम तसंच ठेवून ते निघाले. घरात शेजारची चार-सहा माणसं होती. लेक बापाच्या उशाशी बसली होती. मास्तर दारातच उभे राहिले. तिने मान वर केली.

“चार दिवस,” ती म्हणाली. सगळ्यांसमोर, पण फक्त त्यांच्याकडे बघून. “चार दिवस ते त्या बाकावर होते. तेव्हा मिळाले असते तर हाड मोडलं नसतं.”

“नसतं मोडलं,” मास्तर म्हणाले.

काकूंनी तोंड उघडलं. मास्तरांनी त्यांच्याकडे बघून अगदी किंचित मान हलवली, नको म्हणून. काकूंनी ओठ मिटून घेतले.

अजूनही मास्तर महिन्यातून एकदा तिकडे जातात. काकूंचं काही आणून द्यायचं असतं, कधी वीज मंडळाचा अर्ज भरायचा असतो, कधी नुसतंच बसायचं असतं. काकू दार उघडतात. लेक घरी असली तर उठून आतल्या खोलीत जाते, दार लावून घेते आणि मास्तर निघेपर्यंत बाहेर येत नाही. गेल्या खेपेला दार मात्र तिने लावून घेतलं नव्हतं. विसरली असेल, असं मास्तरांनी घरी येऊन बायकोला सांगितलं.  बायकोने त्यांच्यासमोर ताट ठेवलं आणि स्वतःही जेवायला बसली.